काचेतल्या समुद्राचा तळ

वडखळहून अलिबागच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. ओहोटीच्या वेळी खाली पाहिले तर पाणी मध्ये आक्रसलेले आणि दोन्ही काठांना करड्या, चकाकणाऱ्या चिखलाचे उतार उघडे पडलेले दिसतात. त्या चिखलाला पुष्कळदा कुजक्या अंड्यासारखा वास येतो. नवखा प्रवासी नाकाला रुमाल लावतो आणि ही जागा मेलेली, सडलेली आहे असे मनाशी ठरवून पुढे जातो. खाडीकाठच्या माणसाला मात्र ठाऊक असते की याच चिखलातून निवट्या उड्या मारतात, याच चिखलात चिंबोऱ्यांची बिळे असतात आणि भरती आली की बोयांचे थवे याच चिखलावर चरायला येतात. हा चिखल मेलेला तर नाहीच. उलट तो अहोरात्र राबत असतो. सह्याद्रीत उगम पावलेली अंबा नदी पाली, नागोठणे ओलांडून येथवर जे काही वाहून आणते, म्हणजे पाने, काटक्या, शेण, माती, आणि रेवसच्या बाजूने भरती जे काही आत लोटते, त्या साऱ्याची विल्हेवाट येथे लागते.

आजचा विषय याच विल्हेवाटीचा आहे, पण फार लहान प्रमाणावरचा. अलीकडे आपल्या गावांतूनही हौशी मंडळी घरात खाऱ्या पाण्याचे काचपात्र ठेवू लागली आहेत. गोड्या पाण्यातला सोनमासा मागे पडला आणि समुद्रातले रंगीत मासे दिवाणखान्यात आले. तळाशी पांढरी वाळू पसरलेली असते. पहिला महिनाभर ती दृष्ट लागावी अशी दिसते. मग तिच्यावर तपकिरी साय धरते. पुढे हिरवी बुरशीसारखी चादर पसरते, काचेला टेकलेल्या कडेला वाळूत काळे पट्टे उमटतात आणि एके सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. मग मालक दुकानात धावतो आणि विचारतो, 'तळ साफ ठेवणारे एखादे जनावर द्या.' दुकानदार एखादा तारामासा, चारदोन शंख, एखादा खेकडा पिशवीत घालून देतो. महिन्याभरात त्यातले निम्मे मरतात आणि तळ पूर्वीपेक्षा अधिक घाण होतो. असे का व्हावे, आणि निवड करायची तर कशी, हे आपण पाहू.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की वाळू घाण होते म्हणजे काय होते. माशाला टाकलेल्या अन्नातले काही तळाशी पडते, आणि खाल्लेल्या अन्नाचा काही भाग विष्ठेच्या रूपाने त्याच जागी येतो. या सर्वांत प्रथिने असतात. ती कुजली म्हणजे अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशाला विष आहे. समुद्रात किंवा खाडीत तो साचत नाही, कारण तेथे एका जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 च्या सुमारास या जीवाणूंचा छडा लावला. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. पण ते शेवाळाचे खत आहे, म्हणून ते साठत गेले की काच आणि वाळू हिरवी होत जाते.

हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. त्यांना चिकटून राहायला घर लागते आणि वाळूचा प्रत्येक कण हे त्यांचे घर असते. वाळूच्या वरच्या पातळ थरात, जेथवर प्राणवायू पोचतो तेथवर, वर सांगितलेले दोन्ही प्रकारचे जीवाणू काम करतात. त्याच्या खाली प्राणवायू संपतो. तेथे वेगळ्याच जीवाणूंचे राज्य सुरू होते. ते श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्रवायू मोकळा करतात. तो बुडबुड्यांच्या रूपाने वर निघून जातो. म्हणजे नायट्रेटचा खरा निचरा होतो तो येथे. त्याहून खाली गेले की नायट्रेटही शिल्लक नसते. मग सल्फेटवर गुजराण करणारे जीवाणू येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सल्फेट साधारण 2.7 ग्रॅम असते, त्यामुळे त्यांना उपासमार ठाऊक नाही. ते हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार करतात. धरमतरच्या पुलाखाली नाकाला झोंबतो तो हाच. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा पदार्थ बनतो. काचेच्या कडेला उमटलेले काळे पट्टे तेच होत.

तेव्हा काळा पट्टा दिसला की घाबरून चमच्याने वाळू ढवळणे हा सर्वांत वाईट उपाय. दडलेला विषारी वायू एकदम पाण्यात मोकळा होतो आणि जे मासे आज जगले असते ते उद्या मरतात. पट्टा तळाशी, खोल, स्थिर राहिला असेल तर तो आजार नव्हे. तो वरवर सरकू लागला, वाळूच्या पृष्ठभागावर काळे डाग दिसू लागले, तर मात्र समजावे की वर पडणारे अन्न वाळूच्या पचनशक्तीबाहेर गेले आहे.

खाडीत हे काळे पट्टे वर का येत नाहीत? येथेच आपल्या विषयाचे नायक प्रवेश करतात. ओहोटीला चिखलाचा एक ढेकूळ काळजीपूर्वक कापून पाहिला तर काळ्या चिखलात जागोजागी फिकट तपकिरी रंगाच्या नळ्या दिसतात. त्या समुद्री किड्यांच्या आणि खेकड्यांच्या बिळांच्या भिंती. बिळात राहणारा किडा अंग हलवून पाणी आत ओढतो, त्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि बिळाभोवतीचा चिखल काळ्याचा तपकिरी होतो. हजारो बिळे म्हणजे हजारो खिडक्या. चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरामागे वर्षाला 10 टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला. शेतात गांडूळ जे करते ते खाडीत हे केसाळ किडे करतात. शास्त्रज्ञ त्यांना बहुकेशी म्हणतात. दोघे एकाच मोठ्या कुळातले आहेत, हा काही योगायोग नव्हे.

काचपात्राच्या इतिहासातही सफाईवाल्याचा मान फार जुना आहे. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 च्या सुमारास दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिली. मासा सोडतो तो कार्बन वायू वनस्पती घेईल, वनस्पती सोडते तो प्राणवायू मासा घेईल आणि पाणी बदलावे लागणार नाही, अशी त्यांची कल्पना. तर्क चोख होता, पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली ती वेगळीच. 1850 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पुढे 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी पहिले मत्स्यालय उघडले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या 1854 च्या पुस्तकाने इंग्लंडात घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे वेड पसरवले. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली सुरू झाले. कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा काचेआड प्रथम पाहिला तो तेथे. एवढ्या साऱ्या इतिहासाचे मर्म त्या गोगलगायींत आहे. वॉरिंग्टन यांचा प्रयोग तिसऱ्या प्राण्यावाचून अडला होता.

पण या कथेवरून एक गैरसमज पसरला, तो आधी दूर करू. सफाई करणारा प्राणी घाण 'नाहीशी' करत नाही. गावातला झाडूवाला कचरा उचलून वेशीबाहेर नेतो. टाकीला वेस नाही. शंखाने कुजका तुकडा खाल्ला की त्याचा काही अंश त्याच्या अंगी लागतो आणि उरलेला विष्ठा होऊन त्याच टाकीत पडतो. त्याचे काम एवढेच, की मोठा तुकडा बारीक करायचा, दबलेला भाग उकरून वर आणायचा आणि जीवाणूंना घास लहान करून द्यायचा. नायट्रेट तरीही वाढतच राहणार, आणि ते कमी करायला दर पंधरवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदलणे हे मालकाचेच काम आहे. माझे स्पष्ट मत असे, की ज्याला पाणी बदलण्याचा कंटाळा आहे त्याने सफाईचे प्राणी विकत घेऊ नयेत. तो नोकर ठेवत नसून खाणारी तोंडे वाढवतो.

आता निवडीकडे वळू. उदाहरणासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 190 लिटर पाणी मावेल; वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता दीडशेच्या आसपास राहील. तळ साडेचार चौरस फूट. ही साडेचार चौरस फुटांची वाळू म्हणजे सफाईवाल्यांची सारी शेती. तेथे जेवढे पिकेल तेवढ्यावरच त्यांनी जगायचे आहे, आणि पुढचे बहुतेक निर्णय या एका हिशेबावरून सुटतात.

पहिला मान मी लहान शंखांना देतो. त्यांतही नॅसॅरिअस वंशातला नखाएवढा शंख. आपल्या किनाऱ्यावर वाळूमिश्रित चिखलात तो मुबलक असतो. दिवसभर तो वाळूत गाडून घेतो आणि सोंडेसारखी एक नळी तेवढी वर काढून पाण्याचा वास घेत बसतो. माशाचा तुकडा तळाशी पडला की क्षणार्धात वाळू ठिकठिकाणी उकलते आणि ही मंडळी चहूबाजूंनी पंगतीला धावतात. ते शेवाळ खात नाहीत. मेलेले आणि उरलेले मांस हेच त्यांचे अन्न. पुन्हा पुन्हा वाळूत शिरण्या-निघण्याने वरचा थर आपोआप भुसभुशीत राहतो. आपल्या टाकीला असे सात-आठ पुरेत. मात्र घेताना जात पाहून घ्यावी. दिसायला असेच शंख पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही पक्के शिकारी.

शिकाऱ्यांची ओळख पटवायची असेल तर अलिबाग किंवा किहीमच्या पुळणीवर सकाळी चालत जावे. तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या पडलेल्या असतात आणि त्यांतल्या काहींना टोकाजवळ एक गोल, गुळगुळीत, जणू सुताराने गिरमिटाने पाडावे तसे भोक असते. ते काम नॅटिका नावाच्या गोलसर, चकचकीत शंखाचे. तो वाळूखालून सरपटत जाऊन शिंपलीला मिठी मारतो, भोक पाडतो आणि आतला जीव खाऊन टाकतो. तो दिसतो मोठा देखणा, आणि म्हणूनच हौशी माणूस त्याला उचलून घरी आणतो. असा एक शंख टाकीत असला तर इतर शंख एकेक करून रिकामे होतात आणि मालक पाण्याला दोष देत राहतो.

दुसरा मान स्क्रूसारख्या लांबट, टोकदार शंखांचा. सेरिथियम आणि त्याचे भाऊबंद वाळूवरची तपकिरी साय, हिरवी पापुद्रे आणि बारीक गाळ चाटून खातात, रात्री काचेवरही चढतात. शंखाची जीभ कानशीसारखी दातेरी असते. भिंगातून पाहिली तर तिने काचेवर ओढलेल्या रेघा दिसतात. याच गोतातले शंख धरमतरच्या चिखलावर हजारोंनी असतात, आणि कांदळवनाच्या सावलीत त्यांचा थोरला भाऊ, बोटभर लांब, काळपट टेलिस्कोपिअम, संथपणे गाळ उपसत असतो. मग तेथलेच आणून का सोडू नयेत? मी सोडणार नाही. खाडीतला शंख बारीक, सकस चिखलावर वाढलेला असतो. धुतलेल्या पांढऱ्या वाळूत त्याला काय मिळणार? शिवाय त्याचे आयुष्य भरती-ओहोटीच्या तालावर बांधलेले असते. त्यापेक्षा खडकाळ-रेताड किनाऱ्यावरची, सदैव पाण्याखाली राहणारी लहान जात बरी. असे आठ-दहा शंख या टाकीत सुखाने राहतील.

हीच गोष्ट खाडीतल्या इतर नामांकित सफाईवाल्यांना लागू आहे. ओहोटी लागली की पुळणीवर मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी उमटते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. ते वाटाण्याएवढे खेकडे वाळूचा घास तोंडात घेतात, कणांवरचे अन्न खरवडून खातात आणि स्वच्छ वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. तळ साफ करण्याची याहून सुबक रीत मला ठाऊक नाही. चिखलावरचे ते एकच नांगी भलीमोठी असलेले, ती हात हलवल्यासारखी हलवणारे खेकडे हाच धंदा करतात. पण दोघांनाही ओहोटी हवी. उघड्यावर पडलेली ओली जमीन हवी. सहा तासांनी पाणी ज्या घरातून निघून जात नाही ते त्यांचे घरच नव्हे. निवटीचेही तेच. बोय तर चिखल गिळून, कोंबडीच्या पेंद्यासारख्या जाड स्नायूंच्या जठरात तो दळून खाणारा मासा, म्हणजे गाळ खाणाऱ्यांचा राजाच. पण तो हातभर वाढतो आणि उडी मारण्यात पटाईत. त्याची पिल्ले आणून ठेवणाऱ्याला ती सकाळी जमिनीवर वाळलेली सापडतात. धरमतरची खाडी ही आपली शाळा आहे, दुकान नव्हे.

रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा खेकडा मुलांचा फार लाडका. तो काहीही खातो: कुजके मांस, शेवाळ, वाळूतले कण. या टाकीत असे दोन-तीन ठेवायला हरकत नाही, परंतु त्यांच्या मापापेक्षा थोडे मोठे असे पाच-सहा रिकामे शंख टाकीत आधीच टाकून ठेवावेत. नाहीतर अंग वाढले की तो नव्या घरासाठी जिवंत शंखाला ओढून काढतो आणि त्याच्या जागी जाऊन बसतो. माणसांच्या चाळींतही जागेच्या टंचाईने भांडणे होतात. खेकड्याला तर कोर्टही नाही. चिंबोरीचे पिल्लू मात्र कितीही लहान व गोजिरवाणे दिसले तरी आणू नये. ते लहान राहत नाही.

आता दोन प्राणी, जे दुकानात सर्वांत आग्रहाने विकले जातात आणि ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे.

एक, वाळू उपसणारा तारामासा. अ‍ॅस्ट्रोपेक्टेन वंशातला हा पाच हातांचा प्राणी मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावरही आढळतो. तो वाळूत बुडून जातो आणि तळाखालून नांगर चालवावा तसा फिरतो. दुकानदार म्हणतो, याच्यासारखा सफाईवाला नाही. पण तो खातो काय? तो घाण खात नाही. वाळूतले बारीक शिंपले, किडे, झिंग्यांसारखे सूक्ष्म जीव खातो. म्हणजे आपण ज्यांच्या जिवावर वाळू जिवंत ठेवू पाहतो, त्या खिडक्या उघडणाऱ्या कामकऱ्यांनाच तो गिळतो. साडेचार चौरस फुटांची ही शेती तो काही आठवड्यांत ओसाड करतो आणि मग उपाशी राहतो. तारामाशाची उपासमार दिसत नाही, हे आणखी वाईट. तो ओरडत नाही, पोट खपाटीला गेलेले दिसत नाही. कित्येक महिने तो आतल्या आत झिजतो, मग हातांची टोके गळू लागतात आणि तो वाळूखालीच मरतो. मेल्यावर त्याच्या कुजण्याने तळ पुन्हा काळा. वाळू तोंडात भरून कल्ल्यांतून गाळणारे, निवटीच्या गोतावळ्यातले जे लहान मासे विकायला येतात, त्यांचीही गत अशीच. ते सफाई उत्तम करतात आणि सफाई झाल्यावर उपाशी मरतात. फार मोठी, जुनी टाकी असेल आणि वेगळे अन्न भरवण्याची चिकाटी असेल तरच त्यांचा विचार करावा.

दुसरा प्राणी समुद्रकाकडी. नावाप्रमाणेच काकडीसारखा, मऊ, संथ. समुद्रतळावर ती वाळू एका टोकाने घेते, तीतले अन्न शोषते आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ वाळूची वळकटी बाहेर टाकते. समुद्रातली ही खरीखुरी गांडुळाची बहीण म्हणावी, कामाने. कुळाने ती तारामाशाच्या जवळची. टाकीत तिचे दोन धोके आहेत. ती घाबरली, पंपात अडकली किंवा मेली तर तिच्या अंगातले विष पाण्यात उतरते आणि टाकीतले सर्व मासे एका रात्रीत दगावू शकतात. दुसरी गोष्ट धोक्याची नव्हे, कायद्याची आहे. भारतात 2001 सालापासून सर्व जातींच्या समुद्रकाकड्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीला. ती पकडणे, विकणे, बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. परदेशी पूर्वेच्या बाजारपेठांत वाळवलेल्या समुद्रकाकडीला मोठा भाव येतो, आणि त्यासाठी दक्षिणेच्या किनाऱ्यावर तिची बेसुमार पकड झाली, म्हणून हा निर्बंध आला. समुद्रघोड्यांना आणि दगडी प्रवाळांना तेच संरक्षण आहे. तेव्हा परदेशी पुस्तकांत समुद्रकाकडीची कितीही स्तुती वाचली, किंवा एखाद्या दुकानदाराने मागच्या खोलीतून पिशवी आणून दाखवली, तरी नाही म्हणावे. कांदळवनातून प्राणी उचलण्याआधीही विचार करावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून महाराष्ट्रात कांदळवनांना कडक संरक्षण आहे.

राहिले ते बहुकेशी किडे. त्यांना कोणी विकत घेत नाही. ते दगडाबरोबर, जुन्या टाकीतल्या वाळूबरोबर आपोआप येतात. रात्री दिवा लावून पाहिले की गुलाबी-तपकिरी, दोन्ही कडांना केसांची झालर असलेला किडा दगडाखालून सरकताना दिसतो आणि घरातली मंडळी किंचाळतात. पुष्कळजण चिमट्याने धरून ते वेचून फेकतात. हा शुद्ध अविवेक होय. केस बोटांत घुसून आग होते हे खरे, म्हणून हातमोजा घालावा. पण शंख जेथे पोचत नाही त्या फटींत हेच पोचतात आणि वाळूत खिडक्या पाडणारे तेच. शिवाय त्यांची संख्या हा एक फुकटचा मापक आहे: किडे फार झाले याचा अर्थ आपण अन्न फार टाकतो. अन्न कमी केले की ते आपणहून कमी होतात. ज्याच्याकडे वर्षभर नीट चाललेली टाकी असेल अशा मित्राकडून वाटीभर ओली वाळू मागून आणावी. दुकानातल्या कोणत्याही पिशवीपेक्षा मी तिला अधिक किंमत देईन.

वाळूच्या जाडीबद्दल थोडे. इंचभराचा पातळ थर पूर्णपणे प्राणवायूत राहतो आणि शंख तो सहज चाळतात. नवशिक्याने एवढाच ठेवावा. चार इंचांहून जाड थरात नत्रवायू मोकळा करणारे जीवाणू नांदतात. फ्रान्सचे झां जोबेर यांनी 1980 च्या दशकात जाड थरावर आधारलेली पद्धती रूढ केली. पण तो थर कधीही खोलवर उकरायचा नसतो, फक्त वरचा इंचभर जिवंत ठेवायचा. अडीच इंचांचा मधला थर, जो बहुतेक घरांत आढळतो, तो धड इकडचा नाही की तिकडचा नाही.

पाणी कोणते, हाही प्रश्न पेण तालुक्यात हमखास विचारला जातो, कारण मिठागरे जवळ आहेत. मिठागरातले मीठ पाण्यात विरघळवले की समुद्र होत नाही. मीठ धरते तेव्हा स्फटिकात मुख्यतः सोडियम क्लोराइड येते. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि इतर क्षार मागे राहिलेल्या कडू पाण्यात जातात. शंखांना नेमके तेच लागतात. खाडीचे पाणीही नको. पावसाळ्यात अंबेला पूर आला की ते जवळजवळ गोडे होते, उन्हाळ्यात खारट. खाडीतले शंख दार लावून हे सहन करतात, प्रवाळखडकावरचा मासा करत नाही. तयार समुद्रक्षार मिळतात ते घ्यावेत आणि पाण्याची घनता 1.023 ते 1.026 यांच्या दरम्यान ठेवावी. शंख आणि खेकडे या बाबतीत माशांपेक्षाही नाजूक आहेत.

एका गोष्टीचा विचार कोकणात तरी टाळता येत नाही, ती म्हणजे वीज. 20 अंश उष्णतेच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 7.4 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना तो 6.2 वर येतो. आपल्या वैशाखात टाकी तीस अंशांवर असतेच. वीज गेली, हवेचा पंप थांबला, की मासे, शंख, किडे आणि वाळूतले जीवाणू एकाच साठ्यातून श्वास घेऊ लागतात. ज्याने तळ साफ राहावा म्हणून चाळीस-पन्नास प्राणी कोंबले आहेत त्याचा साठा लवकर संपतो, आणि पहिला शंख मेला की त्याचे कुजणे उरलेला प्राणवायू खाते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी घटावर चालणारा लहानसा पंप आणि विरळ वस्ती, एवढ्यावरच टाकी तरते. म्हणून वर दिलेल्या संख्यादेखील मी एकदम भरा म्हणणार नाही. नव्या टाकीत महिना-दीड महिना फक्त वाळू, दगड आणि जीवाणू राहू द्यावेत. तपकिरी साय दिसू लागली की निम्मे शंख सोडावेत. ती साय म्हणजे त्यांचे पहिले जेवण आहे. पुढचे दोन महिने पाहावे. शंख काचेच्या वरच्या कडेला येऊन ताटकळत असतील, टाकलेल्या तुकड्यावर सारेच तुटून पडत असतील, तर तोंडे पुरेशी आहेत. अन्न तासाभरानेही तसेच पडून राहत असेल तर आधी अन्न कमी करावे, आणि मगच आणखी दोन शंख आणावेत.

शंख आणल्यावर पिशवी फोडून एकदम टाकीत ओतू नये. भांड्यात त्यांच्या पाण्यासह ठेवून टाकीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब, तासभर तरी, त्यात सोडावे. मग एकेक उचलून वाळूवर तोंड खाली करून ठेवावा, कारण पाठीवर पडलेल्या कित्येक शंखांना उलटता येत नाही. दुसऱ्या दिवशी जो हललेला नसेल तो बाहेर काढून वास घ्यावा. जिवंत शंखाला समुद्राचा वास येतो, मेलेल्याचा वास सांगावा लागत नाही.